पीपीएफ : करमुक्त म्हणजे नक्की काय करमुक्त?

२०२५ चा गुढीपाडवा रविवारी होता. त्याच्या आधीच्या गुरुवारी रात्री मामेभावाचा फोन आला. चाकणला नोकरी, पगार वर्षाला चौदा लाखांच्या आसपास, नुकतंच लग्न झालेलं. म्हणाला, "दादा, मी नवीन करप्रणाली घेतलीय. म्हणजे गुंतवणुकीवरची ८०सी-बिसी वजावट काही नाही. मग आता पीपीएफ काढायचं काही कारण उरतं का? ऑफिसात सगळे म्हणतात, त्यात आता काही अर्थ राहिला नाही."

मी बरीच वर्षं लोकांची रिटर्न्स भरतो. मार्च महिन्यात माझ्याकडे येणारी माणसं साधारण एकाच घाईत असतात : कुठेतरी दीड लाख दाखवायचे आहेत, कुठे टाकू ते पटकन सांगा. या घाईमुळेच पीपीएफबद्दल, म्हणजे पब्लिक प्रॉव्हिडंट फंड या १५ वर्षांच्या सरकारी बचत खात्याबद्दल, एक गैरसमज पक्का बसलाय. लोकांना ते 'कर वाचवायचं खातं' वाटतं. कर ते वाचवायचं, जुन्या प्रणालीत अजूनही वाचवतं, पण तो त्याचा जोडधंदा. मुख्य धंदा वेगळा आहे.

कर तीन ठिकाणी आडवा येऊ शकतो. पैसे गुंतवताना, म्हणजे कमाईवर आधीच कर भरून उरलेले पैसे तुम्ही टाकता. पैसे वाढताना, म्हणजे दर वर्षीच्या व्याजावर. आणि पैसे हातात येताना. बाजारात 'टॅक्स सेव्हिंग' नावाने जे काही विकलं जातं, त्यातलं बरंचसं फक्त पहिल्या ठिकाणी सूट देतं. बँकेची पाच वर्षांची टॅक्स सेव्हिंग एफडी घ्या. भरताना वजावट मिळते, पण व्याज दर वर्षी उत्पन्नात धरलं जातं, टीडीएसही, म्हणजे व्याज देतानाच बँकेने कापायचा कर, कापला जातो. म्हणजे ती कर वाचवणारी आहे, करमुक्त नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचंही तेच, पोस्टाच्या एनएससीच्या, म्हणजे राष्ट्रीय बचत पत्राच्या, व्याजाचंही जवळपास तेच. 'करवाचक' आणि 'करमुक्त' हे दोन शब्द सख्खे भाऊ वाटतात, पण त्यांची ओळख चुलत-चुलत आहे.

पीपीएफला तिन्ही ठिकाणी सूट होती. टाकताना वजावट, वाढताना कर नाही, काढताना कर नाही. नव्या प्रणालीने यातली पहिली सूट काढून घेतली. उरलेल्या दोन जशाच्या तशा आहेत. तुम्ही जुन्या प्रणालीत असा की नव्या, पीपीएफचं व्याज करपात्र उत्पन्नात येत नाही. टीडीएस नाही, तो कापू नका म्हणून द्यायच्या १५जी-१५एच अर्जांची कटकट नाही. रिटर्नमध्ये करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात तो आकडा लिहायचा, एवढंच. एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, त्यामुळे '८०सी' हा शब्द हळूहळू जुन्या लोकांच्या तोंडीच राहील, पण मुद्दा तोच.

भावाला मी विचारलं, "तुझा वरच्या टप्प्याचा कर किती?" एप्रिल २०२५ पासून नव्या प्रणालीत त्याचा शेवटचा टप्पा १५ टक्क्यांचा, सेस धरून १५.६. आता ७ टक्क्यांची एफडी त्याने केली तर कर जाऊन हातात ५.९ टक्के उरतात. पीपीएफचे ७.१ मात्र ७.१ च. उलट बाजूने बघा : एफडीतून करानंतर ७.१ हवे असतील तर बँकेने त्याला ८.४ टक्के द्यायला हवेत. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला तर १०.३ टक्के. असा दर देणारी चांगली बँक कुणाला सापडली तर मलाही कळवा.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तक्त्यांमध्ये ती कधीच नसते. ज्याचं उत्पन्न मुळातच करमर्यादेच्या खूप खाली आहे, त्याला करमुक्तीचा आज काडीचा फायदा नाही. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलत मिळून कर शून्य होतो. वर्षाला सहा लाख कमावणाऱ्याला एफडीच्या व्याजावरही कर नाही आणि पीपीएफच्या व्याजावरही नाही. त्याने फक्त दर बघायचा आणि पैसे किती वर्षं अडकतात ते बघायचं. मात्र जो बारा लाखांच्या उंबरठ्यावर उभा आहे, त्याचं वेगळं. पेन्शन आणि भाडं मिळून पावणेबारा लाख होणाऱ्या एका गृहस्थांना एफडीच्या साठ हजारांच्या व्याजाने उंबरठ्यापलीकडे ढकललं. तेवढंच व्याज पीपीएफमधून आलं असतं तर ते उत्पन्नात मोजलंच गेलं नसतं.

पासबुकातले दर

आमच्या घरात वडिलांचं जुनं पासबुक आहे, पोस्टाचं, पिवळट कागदाचं. वडील प्राथमिक शिक्षक. १९८७ साली खातं काढलं. नोंदी सगळ्या हाताने लिहिलेल्या, शेजारी पोस्टाचा गोल शिक्का, आणि ३१ मार्चला एका ओळीत वर्षाचं व्याज. लहानपणी ती ओळ वाचताना वाटायचं, हे पैसे पोस्टमास्तर स्वतःच्या खिशातून देत असणार. तेव्हा व्याज होतं १२ टक्के. १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत तो दर हललाच नाही, त्यामुळे ती पिढी पीपीएफ म्हणजे १२ टक्के असंच समजायची. मग जानेवारी २००० मध्ये ११, मार्च २००१ मध्ये साडेनऊ, २००२ ला ९, मार्च २००३ ला ८. वडिलांचं खातं १ एप्रिल २००३ ला पूर्ण झालं, म्हणजे दर खाली घसरत आला तेव्हा ते नेमके बाहेर पडले.

ही घसरण समजून घ्यायला हवी, कारण पीपीएफ एफडीसारखं नाही. एफडी करताना जो दर ठरला तो मुदतीपर्यंत कायम. पीपीएफचा दर बदलला की तुमच्या खात्यातल्या सगळ्या शिल्लकेला, दहा वर्षांपूर्वी टाकलेल्या रुपयालासुद्धा, नवा दर लागतो. हा दर अर्थ मंत्रालय ठरवतं. एप्रिल २०१६ पासून दर तीन महिन्यांनी तो जाहीर होतो. सूत्र असं की दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांवर जेवढा परतावा, त्यापेक्षा पाव टक्का जास्त. प्रत्यक्षात सरकार सूत्राला फारसं बांधून घेत नाही. एप्रिल २०२० मध्ये दर ७.१ वर आला आणि पुढची पाच वर्षं, रोख्यांचं काहीही होवो, तिथेच बसून राहिला.

मधे एकदा गंमत झाली होती. ३१ मार्च २०२१ च्या संध्याकाळी आदेश निघाला की पीपीएफ ६.४ टक्के. रात्रभर लोकांनी कपाळावर हात मारले. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ट्विट केलं की आदेश नजरचुकीने निघाला, मागे घेतला जाईल. तारीख १ एप्रिल. त्या दिवशी मला आलेल्या निम्म्या फोनवर पहिला प्रश्न होता, "हे एप्रिल फूल तर नाही ना?"

५ तारीख

आता यंत्र कसं चालतं ते बघू, कारण सगळी मेख तिथे आहे.

व्याज दर महिन्याला मोजतात आणि वर्षातून एकदाच, ३१ मार्चला, जमा करतात. महिन्याचं व्याज कशावर? ५ तारीख संपल्यापासून महिनाअखेरीपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, त्यावर. म्हणजे ५ तारखेच्या आत भरलेल्या पैशांना त्या महिन्याचं व्याज मिळतं आणि ६ तारखेला भरलेले पैसे महिनाभर फुकट बसतात. चेकने भरत असाल तर चेक वटल्याची तारीख धरतात, टाकल्याची नव्हे. ४ तारखेला ड्रॉप बॉक्समध्ये चेक टाकून निवांत झालेली माणसं मी पाहिलीत.

दीड लाख रुपये ५ एप्रिलऐवजी ६ एप्रिलला भरले तर एका महिन्याचं व्याज गेलं, ७.१ टक्क्यांनी ८८७ रुपये ५० पैसे. फार नाही, एका कुटुंबाचं हॉटेलचं बिल. पण बहुतेक लोक ६ एप्रिलला भरत नाहीत, ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भरतात. म्हणजे बारा महिन्यांचं व्याज गेलं, १०,६५० रुपये. आणि हे दर वर्षी. एकाने १५ वर्षं दर एप्रिलच्या सुरुवातीला दीड लाख भरले आणि दुसऱ्याने तेवढेच पैसे दर मार्चअखेरीस. दोघांनी प्रत्येकी २२ लाख ५० हजार टाकले. दर ७.१ च राहिला असं धरलं तर पहिल्याचे होतात ४० लाख ६८ हजार, दुसऱ्याचे ३७ लाख ९८ हजार. फरक सुमारे २ लाख ७० हजारांचा. दोघांच्या खिशातून गेलेला रुपयान् रुपया सारखा. दुसऱ्याने फक्त पैसे वर्षभर बचत खात्यात लोळत ठेवले, कारण त्याला मार्चशिवाय पीपीएफ आठवत नाही.

पगारदार माणसाकडे एप्रिलमध्ये एकरकमी दीड लाख नसतात हे मला कळतं. मग दर महिन्याला साडेबारा हजार, पगार १ तारखेला होत असेल तर ३ तारखेची स्थायी सूचना बँकेला देऊन ठेवायची. १५ वर्षांनी साधारण ३९ लाख ४५ हजार होतात. मार्चवाल्यापेक्षा दीड लाखाने पुढेच. आणि साडेबारा हजार कुणाला जड जात असतील तर हजार रुपये महिना भरा. १५ वर्षांत भरलेले १ लाख ८० हजार, मिळतात सव्वातीन लाखांच्या थोडे आत. वर्षाला किमान ५०० रुपये भरावे लागतात, कमाल दीड लाख. दीड लाखाच्या वर चुकून गेलेल्या पैशांवर व्याज मिळत नाही, म्हणून मुलाच्या आणि स्वतःच्या खात्यांचा हिशेब नीट ठेवा. अल्पवयीन मुलाच्या नावाने उघडलेलं खातं आणि पालकाचं स्वतःचं खातं, दोन्ही मिळून मर्यादा दीड लाखच.

एखाद्या वर्षी ५०० सुद्धा भरायचे राहिले तर खातं बंद पडल्यासारखं होतं. जुन्या शिल्लकेवर व्याज मिळत राहतं, पण कर्ज नाही, मधे पैसे काढता येत नाहीत. चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे ५०० आणि ५० रुपये दंड भरून ते पुन्हा चालू करता येतं. फार मोठा अपराध नाही.

बायकोचं खातं मात्र स्वतंत्र. इथे घराघरांत एक जुना वाद असतो. नवऱ्याने बायकोला पैसे दिले आणि तिने ते गुंतवले तर त्यावरचं उत्पन्न आयकराच्या नियमाप्रमाणे नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवतात. एफडी केली की हा नियम बोचतो. पीपीएफमध्ये मिळवायला काही उरतच नाही, कारण व्याज मुळातच करमुक्त. शून्य मिळवलं तरी शून्यच. म्हणून घरकाम सांभाळणाऱ्या बाईच्या नावावर पीपीएफ असणं हे मला नुसतं कराच्या दृष्टीने नव्हे, तर एकूणच बरं वाटतं. तिच्या नावाचं पासबुक, तिची सही. संयुक्त खातं पीपीएफमध्ये निघतच नाही, हा या योजनेतला एक न बोलला जाणारा गुण आहे.

१५ वर्षं म्हणजे किती?

"पण पैसे १५ वर्षं अडकतात ना?" भावाने अपेक्षेप्रमाणे विचारलं.

अडकतात, पण कुलूप लोक समजतात तेवढं घट्ट नाही. तिसऱ्या आर्थिक वर्षापासून सहाव्यापर्यंत खात्यावर कर्ज मिळतं, दोन वर्षांपूर्वीच्या अखेरच्या शिल्लकेच्या पाव हिश्शापर्यंत. ते सोडून द्या, फारसं कुणी घेत नाही. सातव्या वर्षापासून मात्र वर्षातून एकदा पैसे काढता येतात, आणि तो नियम जरा चष्मा लावून वाचण्यासारखा आहे. ज्या वर्षी काढायचे त्याच्या आधीच्या वर्षाअखेरची शिल्लक बघायची आणि पैसे काढायच्या वर्षापासून मागे मोजलेल्या चौथ्या वर्षाअखेरची शिल्लक बघायची. दोन्हींत जी कमी, तिच्या निम्मी रक्कम मिळते. समजा खातं २०१८-१९ मध्ये काढलं आणि पैसे २०२४-२५ मध्ये हवेत. ३१ मार्च २०२१ ला शिल्लक ४ लाख ८० हजार होती आणि ३१ मार्च २०२४ ला ११ लाख. कमी ४ लाख ८० हजार, म्हणून मिळतील २ लाख ४० हजार. ११ लाखांचे निम्मे नव्हे. काउंटरवर जाऊन भांडणारे बहुतेक लोक ११ लाखांचं निम्मं गृहीत धरून घरून निघालेले असतात.

खातं पूर्णच मोडायचं तर पाच वर्षांनंतर, आणि ठरावीक कारणांसाठीच : जिवावरचा आजार, उच्च शिक्षण, किंवा परदेशी स्थायिक झाल्याने बदललेला निवासी दर्जा. तेव्हा सुरुवातीपासूनचं व्याज एक टक्क्याने कमी करून मोजतात.

आणि त्या १५ वर्षांची मोजणी खातं काढल्याच्या तारखेपासून होत नाही. ज्या आर्थिक वर्षात खातं निघालं, ते वर्ष संपल्यापासून पुढे १५. म्हणजे जून २०१० मध्ये काढलेलं खातं जून २०२५ मध्ये पूर्ण होत नाही, ते १ एप्रिल २०२६ ला होतं. हिशेबाने हप्ते १६ वर्षांचे भरता येतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

मुदतीनंतरची मजा

माझ्या मते पीपीएफची खरी गोडी १५ वर्षं झाल्यानंतर आहे, आणि नेमकं तेव्हाच लोक खातं बंद करून पैसे गाडीत घालतात. चक्रवाढीचं झाड लावायचं, पाणी घालायचं आणि फळं धरायला लागली की तोडून सरपण करायचं, असा प्रकार.

मुदत संपल्यावर तीन वाटा असतात. सगळे पैसे काढा आणि खातं बंद करा. किंवा नवीन पैसे न भरता खातं तसंच चालू ठेवा, शिल्लकेवर तोच करमुक्त दर मिळत राहतो आणि वर्षातून एकदा हवे तेवढे काढता येतात. किंवा नवीन पैसे भरत पाच-पाच वर्षांनी वाढवत न्या, तेव्हा त्या पाच वर्षांत मिळून सुरुवातीच्या शिल्लकेच्या ६० टक्क्यांपर्यंत काढता येतं.

दुसरी वाट निवृत्तांनी नीट बघावी. ४० लाख ६८ हजार खात्यात आहेत, नवीन काही भरायचं नाही. ७.१ टक्क्यांनी वर्षाला २ लाख ८८ हजार व्याज होतं, म्हणजे महिन्याला चोवीस हजार पडले, एक पैसा कर नाही. फक्त वर्षातून एकदाच काढता येतात, म्हणून एकदम काढून बचत खात्यात ठेवायचे आणि तिथून महिन्याला खर्चायचे. काढण्याचीही तारीख असते बरं का. महिन्याच्या मधे किंवा शेवटी काढलं तर त्या महिन्याची कमीत कमी शिल्लक खाली येते आणि काढलेल्या रकमेवरचं महिनाभराचं व्याज जातं. म्हणून २८ तारखेला पैशांची निकड नसेल तर तीन-चार दिवस थांबा, पुढच्या महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी काढा. भरताना ५ च्या आत, काढताना १ नंतर लगेच. माझ्या एका अशिलाने हे देवघराच्या दाराला चिकटवून ठेवलंय.

तिसऱ्या वाटेवर एक खड्डा आहे, आणि त्यात मी स्वतः जवळजवळ पडलो होतो. माझं खातं फेब्रुवारी २००६ मधलं, मुदत १ एप्रिल २०२१ ला संपली. कोविडचे दिवस. बँकेत जायचा प्रश्नच नव्हता. २ एप्रिलला मी नेहमीच्या सवयीने नेटबँकिंगवरून दीड लाख भरले. अॅपने विनातक्रार घेतले, हिरवी खूण दाखवली, पावती आली. मी समजलो, खातं पुढे सुरू झालं. पुढच्या जानेवारीत शाखेत दुसऱ्याच कामाला गेलो होतो, पासबुक छापून घेताना खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "एच फॉर्म दिलात का?" मी लोकांची रिटर्न्स भरणारा माणूस, आणि नाही म्हणताना मान खाली गेली.

पैसे भरत मुदत वाढवायची असेल तर मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत तसा अर्ज द्यावा लागतो. पूर्वी तो 'एच' फॉर्म होता, २०१९ च्या नव्या नियमांनंतर फॉर्म ४ झाला, काउंटरवर अजून 'एच'च म्हणतात. अर्ज न देता वर्ष उलटलं की खातं आपोआप 'पैसे न भरता चालू' या गटात जातं आणि मग कितीही विनवण्या केल्या तरी पुन्हा पैसे भरण्याच्या गटात येत नाही. अर्जाविना भरलेल्या पैशांवर व्याजही नाही. अॅप हे सांगत नाही, अॅपला फक्त पैसे घेणं माहीत. त्या बाईंनी त्याच दिवशी फॉर्म भरून घेतला, मुदतीला अडीच महिने उरले होते. त्या दिवसापासून कुणाचंही १५ वर्षांचं खातं दिसलं की मी आधी हेच विचारतो.

आणखी दोन-तीन गोष्टी पटकन. कर्जबाजारी झालेल्या माणसाचं पीपीएफ न्यायालयाच्या जप्तीच्या हुकमाखाली येत नाही, धंदेवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं. वारस नोंद करा. खातेदार गेल्यावर वारसाला खातं पुढे चालवता येत नाही, पैसे घेऊन बंदच करावं लागतं. हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावाने मे २००५ पासून नवीन खातं निघत नाही.

परदेशी गेलेल्या मुलांबद्दल मात्र जरा सविस्तर, कारण आमच्या पेठेत आता दर तिसऱ्या घरात एक मूल बाहेर आहे. अनिवासी भारतीयाला नवं पीपीएफ काढता येत नाही. इथे असताना काढलेलं खातं मुदतीपर्यंत चालवता येतं, मुदतवाढ मिळत नाही. आणि 'करमुक्त' हा शब्द भारताच्या कायद्यापुरता आहे. अमेरिका तिथल्या रहिवाशाच्या जगभरच्या उत्पन्नावर कर लावते आणि पीपीएफच्या व्याजाला तिथे सूट नाही. न्यू जर्सीत बसून नाशिकच्या पीपीएफचं व्याज 'आपल्याकडे टॅक्स फ्री आहे' म्हणून लपवलं तर ते तिथल्या नजरेत लपवलेलंच उत्पन्न. तिथल्या हिशेबनिसाला विचारा, मला नाही.

मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी आधी बघा. २०१५ साली सुरू झालेली ही योजनाही पीपीएफसारखीच करमुक्त आहे आणि तिचा दर पीपीएफपेक्षा वर राहिलाय. जानेवारी २०२४ पासून तो ८.२ होता. तिची दीड लाखाची मर्यादा पीपीएफच्या मर्यादेपासून वेगळी.

आता, पीपीएफवर सगळी भिस्त ठेवावी का? मी ठेवत नाही. महागाई सहा टक्क्यांच्या घरात गेली की ७.१ मधून हातात फारसं उरत नाही. तिशीतल्या माणसाने निवृत्तीचे सगळे पैसे इथे कोंडले तर सुरक्षित राहील, पण फार पुढे जाणार नाही. शेअर बाजारातल्या फंडांची वाढ दीर्घ काळात जास्त होऊ शकते, त्यावर कर आणि चढउतार दोन्ही सोसावे लागतात. पीपीएफ म्हणजे जेवणातला वरणभात. पक्वान्न नाही, पण त्याच्याशिवाय पोट भरल्यासारखं वाटत नाही. आणि हे खातं विकायला तुमच्या दारी कुणी येणार नाही, कारण डिसेंबर २०११ पासून पीपीएफवरचं एजंटांचं कमिशनच बंद झालंय. ज्यावर कमिशन नाही त्याची जाहिरात कोण करणार?

भाऊ बराच वेळ ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बरं, पटलं. पण आता मार्च संपत आलाय. तूच म्हणालास, मार्चमध्ये भरून उपयोग नाही. मग एप्रिलमध्येच काढतो."

"एप्रिलमध्ये पैसे भर," मी म्हटलं, "खातं उद्याच काढ. ५०० रुपयांनी."

मघाची मोजणी आठवा. खातं २८ मार्च २०२५ ला निघालं तर ते २०२४-२५ चं खातं, तीन दिवसांत वर्ष संपतं आणि १५ वर्षं सुरू होतात. मुदत १ एप्रिल २०४०. तेच खातं चार दिवसांनी, एप्रिलमध्ये निघालं तर ते २०२५-२६ चं झालं आणि मुदत १ एप्रिल २०४१. ५०० रुपयांत एक अख्खं वर्ष पदरात. मधले पैसे काढायची मुभासुद्धा एक वर्ष आधी.

शुक्रवारी दुपारी त्याने पासबुकाचा फोटो पाठवला. एकच ओळ, जमा ५००. पुढच्या गुरुवारी, ३ एप्रिलला, दुसरा फोटो आला : जमा १,५०,०००. खाली लिहिलं होतं, "दादा, हिच्याही नावाने काढायचंय. फॉर्मवर सही तिचीच लागते ना?"